घरचे टोले

नदीच्या पलीकडच्या काठावर एका खांबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि त्याच्याशेजारी साखळीला हातोडी. गावात यायचं असेल तर रुळावर टोले द्यायचे, म्हणजे नावाडी अलीकडून नाव घेऊन निघायचा. पूल व्हायचा होता. त्याची मोजणी इतक्या वेळा झाली होती की नावाड्याच्या निम्म्या फेऱ्या मोजणीवाल्यांना नेण्याआणण्यातच गेल्या असतील. तोवर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला जाड दोर, दोराला कप्प्यांनी अडकवलेली रुंद बुडाची नाव आणि दोर ओढणारा एक माणूस, एवढ्यावर गावाचं येणंजाणं चाललं होतं.

त्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. अंगावर मांस औषधालासुद्धा नाही, गालफडं बसलेली, पण तळहात असे की त्यांच्यावर काडी ओढली तर पेटावी. नाव कुणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं. बायकोचा राग अनावर झाला की तीही म्हणायची, "या पैलवान, गिळून घ्या."

टोल्यांची एक रीत होती. परक्या माणसाने रूळ कसाही बडवावा, पैलवान आपला चहा संपवायचा, आणखी दोनचार माणसं जमू द्यायचा आणि मग सावकाश उठायचा. घरच्या माणसांचे टोले मात्र वेगळे. दोन लागोपाठ, मग श्वासभर थांबून तिसरा. ते ऐकले की हातातला चहा टाकून निघायचं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे टोले देऊ शकत होतं आणि गावातून लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येताना पलीकडून हेच वाजवत. पैलवानाची शेखी अशी की त्याला नुसते घरचे टोलेच नाही, तर हात कुणाचा तेही कळतं. "मास्तर आले," तो घाटावर बसल्या बसल्या सांगायचा, "आज चिडलेत." आणि दहातल्या नऊ वेळा मास्तरच निघायचे, चिडलेले.

त्या दुपारी घरचे टोले पडले तेव्हा दुकानदाराची बायको घाटावर सतरंज्या धूत होती. दुकानदार आणि पैलवान लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे तिचं आणि याचं बोलणं मोकळं. हात न थांबवता तिने विचारलं, "कोण आलंय हो?"

हात ओळखीचा नव्हता. पण रणरणतं ऊन होतं, डोळ्यावर झापड होती, आणि घरच्या प्रत्येक माणसाचा हात ओळखायचा मक्ता काही त्याने घेतला नव्हता.

"घरचंच कुणीतरी," तो म्हणाला आणि निघाला.

पलीकडे तिघं उभे होते. तरुण, धुळीने माखलेले, प्रत्येकाजवळ एक पोतं. रस्त्याच्या कामावरचे मजूर असावेत असं त्याला वाटलं, आणि घरचे टोले यांना कुणी शिकवले हेही क्षणभर मनात आलं. पण नाव तर आणली होती, आता काय परत जायचं? एकाचं पोतं नावेत चढवायला त्याने हात लावला आणि म्हणाला, "काय दगड भरलेत की काय?" तो पोरगा हसला. वाटेत त्याने स्वतः होऊन दोराला हात घातला आणि अर्ध्या नदीपर्यंत पैलवानाबरोबर दोर ओढला. पैलवानाला तो पोरगा आवडला होता. ही गोष्ट पुढे तो कुणालाही सांगू शकला नाही.

तिघं अलीकडे उतरून पोती घेऊन घाट चढून गेले. पहिला आवाज झाला तेव्हा त्याला वाटलं, दुकानाचं शटर पडलं. मग तसे आवाज होतच राहिले. तो नावेत आडवा झाला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिला. दुकानदाराची बायको ओल्या सतरंज्यांची पाटी घेऊन घाट चढत होती, ती वरच्या पायरीवरच गेली. नळावरच्या गेल्या, पिठाच्या गिरणीसमोर रांगेत उभे होते ते गेले, शाळेच्या ओट्यावर पत्ते खेळणारे दोन म्हातारे गेले. गावात अशी आळी राहिली नाही जिच्यात रडणारं घर नव्हतं. तिघं आले तसेच चालत, घाई न करता, गावामागच्या डोंगरात निघून गेले. कोण होते, कुठले होते, त्यांना या गावाकडून काय हवं होतं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

रेडिओवरची बाई म्हणाली, संशयित दहशतवादी हल्ला. त्या शब्दाने गावाचं डोकं फिरलं. यात संशयित काय आहे, प्रेतं संशयित आहेत का, असं दुकानदार रेडिओलाच विचारत होता. पण त्या बाईच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. संशय होता, आणि तो कुणावर तरी बसवल्याशिवाय गावाला अन्न गोड लागणार नव्हतं. डोंगरात गेलेल्यांवर बसवून उपयोग नाही, ते हाताला लागत नाहीत. हाताला लागणारा माणूस हवा होता.

आणि मग प्रश्न निघाला, त्यांना घरचे टोले सांगितले कुणी?

वास्तविक सांगायची गरजच नव्हती. पलीकडच्या झुडपात कुणी दोन दिवस कान देऊन बसला असता तर तिसऱ्या दिवशी त्याला ते आले असते. एवढी सोपी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नसेल असं नाही. पण ऐकून शिकणारा शत्रू कुणालाच नको होता, फितूर हवा होता.

शाळेच्या एका वर्गात बाकं बाजूला सारून चौकशीला आलेला फौजेचा साहेब बसला होता. पैलवानाला त्याने मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, चहासुद्धा दिला. पैलवानाला त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं असतं तर तो कदाचित हट्टाला पेटून गप्प बसला असता. चहाने तो विरघळला.

"हे टोले कुणाकुणाला माहीत आहेत?" साहेबाने विचारलं.

"सगळ्या गावाला साहेब."

"गावाबाहेर?"

"गावाबाहेर कुणाला असणार? आमच्या मुलींना. त्यांच्या घरच्यांना."

"तुमची मुलगी पलीकडे दिली आहे ना? जावयाला येतात?"

"येतात की. आमचा जावई तसेच वाजवतो," पैलवान म्हणाला, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला ते ऐकू आलं. "पण साहेब, तो तसला नाही. खडी फोडायच्या कारखान्यात ट्रॅक्टर चालवतो. त्याचं कामच..."

"खडीच्या कारखान्यात सुरुंग असतात," साहेब म्हणाला. एवढंच. आवाजही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला पलीकडच्या वस्तीतून उचललं. कुठे नेलं ते कुणाला सांगितलं नाही. पैलवानाने घरी येऊन बायकोला सांगितलं की जावयाला नेलं, पण त्याचं नाव कुणी घेतलं ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

लेकीचे दिवस भरत आले होते. पलीकडच्या वस्तीत ना दवाखाना ना सुईण. अलीकडे गावात निदान आरोग्य केंद्राची एक खोली होती आणि तिच्यात सिस्टर होती. मूल आडवं आहे, असं तिनेच मागच्या तपासणीत सांगितलं होतं. शेवटचे पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर राहा, कळा सुरू झाल्यावर धावपळ नको, असंही बजावलं होतं. ठरलं होतं सगळं. घरातल्या कोपऱ्यात लेकीच्या आईने खाट लावून ठेवली होती. आणि मग हे झालं.

आता नावेला साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली दुकानदाराकडे. फौजी सकाळी उशिरा येत, दोन्ही काठांवर उभे राहत, त्यांच्यासमोर एकदोन फेऱ्या होत आणि ऊन कलायच्या आत ते आपल्या चौकीत परत जात. बाकीचा वेळ गावाने गावाची राखण करायची, त्यासाठी दुकानदाराला एक बंदूक दिली होती. फोन तर हल्ल्याच्या दिवसापासूनच बंद होते. लेकीला आणायला परवानगी हवी म्हणून पैलवान दोनदा साहेबाकडे जाऊन आला. साहेब म्हणाला, चौकशी चालू आहे, जरा थांबा. पोटातल्या पोराला थांब म्हणून कोण सांगणार होतं?

"तिसऱ्यांदा जा," बायको म्हणाली.

"जातो."

"कधी?"

"अगं जातो म्हटलं ना."

खरं म्हणजे शाळेच्या त्या वर्गात पाऊल टाकायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिथे गेलं की आपल्या तोंडून काय निघेल याचा त्याला भरवसा राहिला नव्हता. गावातही तो कुणाशी बोलेनासा झाला होता. लोक त्याला काही म्हणत नसत. फक्त तो आला की बोलणं थांबायचं आणि तो गेला की सुरू व्हायचं.

असं असताना एका सकाळी, नुकतं उजाडत होतं तेव्हा, टोले पडले.

दोन लागोपाठ. मग एक.

बायको आधी उठून बसली. "ती आली," ती म्हणाली.

पैलवानाला सांगायची गरज नव्हती. लेक डावखुरी होती. अगदी लहान असल्यापासून ती हातोडी उलट्या बाजूने फिरवायची, त्यामुळे तिचा दुसरा टोला नेहमी अंगचोर पडायचा, जणू तिने तो मारताना विचार बदलला. हा हात त्याने हजारात ओळखला असता. तो अनवाणीच घाटाकडे पळाला. अंगात सदरा घालायचंही भान राहिलं नाही.

धुकं दाट होतं. मागच्या डोंगरावरून गार वारा उतरत होता आणि धुक्याला ढकलत नदीवरून पलीकडे नेत होता. नावेचं पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं, पलीकडचा काठ तर दूरच. घाटावर राखणीला दुकानदार होता, गिरणीवाला होता, आणखी दोघंतिघं काठ्या घेऊन होते. सगळे उठून उभे राहिले होते. दुकानदाराने बंदूक हातात धरली होती, ती कशी धरायची ते त्याला अजून नीट जमत नव्हतं.

पुन्हा टोले पडले.

मागोमाग बायको आली. वाटेत तिने सिस्टरला उठवलं होतं, तीही तिच्या बॅगेसकट आली.

"भाऊजी, किल्ली द्या," बायको म्हणाली. "माझी पोर आलीय."

"कशावरून वहिनी?" दुकानदार म्हणाला.

"कशावरून म्हणजे? टोले ऐकू येत नाहीत का तुम्हाला?"

"येतात की. त्या दिवशीपण आले होते."

 सिस्टर पुढे झाली. "दादा, तिचे दिवस भरलेत. मूल आडवं आहे. एवढ्या सकाळी ती आली असेल तर कळा सुरू झाल्यात म्हणूनच आली असेल. एक फेरी मारून यायला कितीसा वेळ लागतो?"

"तेवढाच वेळ त्यांनाही लागला होता," दुकानदार म्हणाला.

"आणि समजा तो जावयाच्या नात्यागोत्यातला कुणी असेल तर?" गिरणीवाला म्हणाला. "जावयाला नेल्याचा राग धरून आला असेल तर? त्यालाही हेच टोले येत असणार. फौजी येईपर्यंत थांबा. उजाडू तर दे पुरतं."

"हाक मारून बघा ना," कुणीतरी म्हणालं.

बायको शेवटच्या पायरीवर गेली. पाणी पायाला लागलं तरी थांबली नाही. दोन्ही हात तोंडाभोवती धरून तिने जीव खाऊन हाक मारली, "बाळे, तू आहेस का गं?" सगळ्यांनी कानोसा घेतला. आवाज काही आला नाही. वारा इकडून तिकडे होता, तिकडची हाक तिकडेच मागे जात असणार. पण लगेच टोले मात्र आले. दोन, आणि एक. पुन्हा दोन, आणि एक. घाईघाईने.

"बघा!" बायको वळून म्हणाली. "बघा, उत्तर देतेय ती!"

"विचारल्यावर टोला कुणीही देईल," गिरणीवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या दारात त्या दिवशी रांग होती. रोज सकाळी तो तिथली फरशी अजूनही धूत होता.

दुकानदाराने बंदूक पायरीला टेकवली आणि तो पैलवानासमोर येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत तो त्याच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होता.

"पैलवान, तू बोल. हे सगळे सांगतायत, तू गप्प का? हात कुणाचा ते तुला कळतं म्हणतोस ना? मग सांग. पोर तुझीच आहे?"

पैलवानाने तोंड उघडलं.

"थांब, आधी ऐक," दुकानदार म्हणाला.  "तू हो म्हण. मी आत्ता किल्ली देतो, एक शब्द बोलणार नाही. पण नीट आठवून हो म्हण. त्या दिवशी माझ्या बायकोने तुला विचारलं होतं, कोण आलंय म्हणून. गिरणीवाल्याच्या पोराने ऐकलं होतं. तू काय म्हणालास तिला? तसंच उत्तर आज मला द्यायचं असेल तर दे."

पलीकडचे टोले थांबले. इतका वेळ त्यांची सवय झाली होती, ते थांबल्यावर सगळं एकदम उघडं पडल्यासारखं झालं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. सगळे पैलवानाकडे बघत होते.

त्याला माहीत होतं. शंभर टक्के माहीत होतं, हे आपण स्पष्टच सांगितलेलं बरं. त्याला शंका नव्हती. पण 'हो' म्हणायला तोंड उघडलं की त्याला पाटी घेऊन चढणारी ती बाई दिसायची, आणि हसणारा तो पोरगा दिसायचा, आणि शाळेच्या वर्गात आपलाच आवाज ऐकू यायचा. या तोंडातून निघालेल्या साध्यासाध्या वाक्यांनी माणसं मेली होती आणि माणूस नेला गेला होता. समजा चुकलं तर? समजा डावखुरा दुसराही कुणी असला तर? ज्याला स्वतःच्या तोंडाची खात्री राहिली नाही त्याला लेकीच्या हाताची कुठून राहणार! तो सबंध गावासमोर उघडा उभा होता आणि थंडीने त्याचे दात वाजत होते.

"नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला.

 मग दुकानदाराने मान हलवली, जणू त्याला सुटल्यासारखं झालं, आणि बंदूक उचलून तो आपल्या जागी जाऊन बसला.

बायकोने आरडाओरडा केला नाही. त्याच्याकडे पाठ फिरवून ती पलीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टरने दोन्ही हातांनी साखळी धरून हिसडली, तेव्हा गिरणीवाल्याने तिला हळूच बाजूला केलं.

मग पलीकडून पुन्हा टोले सुरू झाले, पण आता त्यांत काही रीत उरली नव्हती. एकामागून एक, वेडेवाकडे, कसेही, परका माणूस बडवतो तसे.

"बघितलंत?" राखणीतला एकजण म्हणाला. "घरचं कुणी असं वाजवेल का?"

ते बराच वेळ चाललं. मग टोल्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक टोला पडला, आणि त्यानंतर कुणीही कितीही वाट पाहिली तरी दुसरा पडला नाही.

फौजी आले तोवर धुकं विरलं होतं. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. दुकानदाराने न बोलता कुलूप काढलं. पैलवान, त्याची बायको आणि सिस्टर असे तिघं निघाले, बरोबर एक फौजी. पैलवान दोर असा ओढत होता की त्याच्या तळहातांची ती जुनी घट्टे पडलेली कातडीसुद्धा सोलून निघाली. दुकानदाराच्या बायकोच्या वेळी ज्याने नावेत पडून डोकं धरलं होतं, त्याला आता हे बळ कुठून आलं कोण जाणे. आता त्याचा काय उपयोग होता?

काठावर चिखलात बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, येतानाच्या आणि जातानाच्या. हातोडी साखळीतून निसटून खाली पडली होती. खांबाजवळ जमीन ओली होती, आणि ते पाणी नव्हतं. सिस्टर वाकून बघून उठली आणि धावतच निघाली.

फार लांब जावं लागलं नाही. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी बांधलेली एक पत्र्याची शेड होती, हल्ल्यानंतर मजूर पळून गेल्यापासून ओस पडलेली. तिच्या बाहेर गाडी सोडलेली होती. विहीणबाई दारात बसल्या होत्या. गाडी त्यांनीच हाकत आणली होती, मुलाला नेल्यापासून घरात दुसरं होतंच कोण? त्यांच्या मांडीवर लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही आणि लपवलंही नाही.

"रडलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "मी उलटं धरलं, पाठीवर मारलं. नाहीच रडलं."

पैलवानाची बायको त्यांच्याशेजारी मटकन खाली बसली. दोघी एकमेकींना धरून बसून राहिल्या.

आत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर लेक पडली होती. चेहऱ्यात रक्ताचा थेंब नव्हता. सिस्टर गुडघे टेकून काय काय करत होती, बॅगेतून काढत होती, ठेवत होती. रक्त थांबलंय, ही वाचेल, असं ती म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्या सुरात कुणी आनंदाची बातमी देत नाही. पुढे आणखीही काही म्हणाली, की आता पुन्हा दिवस जाण्याची आशा कमीच. लेकीने ऐकलं असावं, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

पैलवान तिच्या उशाशी बसला.  इतके दिवस त्याने बोलायचं टाकलं होतं, आणि आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिच्या कपाळावरचे ओले केस त्याने बाजूला केले. सोललेल्या हाताचं रक्त तिच्या कपाळाला लागलं, ते त्याने मनगटाने पुसलं.

"त्यांना सोडलं का, बाबा?" तिने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"सोडतील. साहेबाशी बोलतो मी."

तिने कोरडे ओठ जिभेने ओले केले.

"बाळे, आवाज नीट येत नव्हता गं," तो म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. "धुकं किती होतं तू बघितलंस ना? त्यात वारा. टोले कसे तुटक तुटक यायचे. कोण आहे, काय आहे, काही कळायला मार्ग नव्हता. कळलं असतं तर मी पोहत आलो असतो. तुझी शपथ. कळलंच नाही मला."

तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी तो नावेतून तिला हे पाणी कुठून येतं, कुठे जातं ते समजावून सांगायचा, तेव्हा ती बघायची तशी, नीट लक्ष देऊन.

"वारा तुमच्याकडून आमच्याकडे होता, बाबा," ती म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं. आईची हाक आली. सिस्टरचं आलं. काकांनी तुम्हाला विचारलं, पोर तुझीच आहे का, तेही आलं."

बोलताना तिला धाप लागली. सिस्टरने तिला खुणेने गप्प केलं, पण ती राहिली नाही.

"म्हटलं, आता बाबा हो म्हणतील. म्हणून मी टोले थांबवले. माझ्या आवाजात तुमचं ऐकायचं राहून जाईल म्हणून."

पैलवानाचा हात तिच्या कपाळावर होता. तो तिथून काढून घ्यावा की राहू द्यावा, हे त्याला कळेना. शेवटी तिनेच मान दुसरीकडे वळवली. सिस्टरने त्याला बाहेर जायला सांगितलं आणि तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. दारातल्या दोघींपैकी कुणीही वर पाहिलं नाही.